अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान, एकाच वेळी दोन एमए: माझी दोन वर्षं

ऑगस्टमध्ये दुसरी मार्कशीट हातात पडली आणि तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले असे बरेच जण तेच दोन प्रश्न विचारतायत. दोन एमए एकदम करता येतात का, आणि येत असतील तरी अर्थशास्त्राच्या जोडीला तत्त्वज्ञान कशाला, काहीतरी नोकरीचं का नाही घेतलं. दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच क्रमाने लिहून टाकू, जून २०२३ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत काय काय झालं, पैसे किती गेले, कुठे अडलं, कुठे मजा आली. मी टॉपर वगैरे अजिबात नाही. दोन्हीकडे फर्स्ट क्लास आहे, एकीकडे बऱ्यापैकी, एकीकडे काठावरचा.

तत्त्वज्ञान कशाला हे आधी सांगते. बीएच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला कल्याणाचं अर्थशास्त्र होतं, त्यात पॅरेटो कार्यक्षमता शिकवतात. कोणाचं तरी नुकसान केल्याशिवाय दुसऱ्या कोणाचाही फायदा करता येत नाही अशी वाटपाची स्थिती आली की ती कार्यक्षम. आता यात गंमत अशी की एका माणसाकडे सगळं आणि बाकीच्यांकडे काहीच नाही, ही स्थितीसुद्धा या व्याख्येत बसते, कारण त्या एकाकडून काही काढून घेतलं की त्याचं नुकसान झालंच. मी वर्गात विचारलं की मग हे चांगलं कसं म्हणायचं. सर म्हणाले, ‘चांगलं कोण म्हणतंय, कार्यक्षम म्हणतोय. न्याय्य आहे का हा प्रश्न या पेपरात नाही.’ त्यांनी टाळलं नव्हतं, खरंच तो प्रश्न त्या पेपरात नव्हता. मग तो कुठल्या पेपरात आहे हे शोधत शोधत मी तत्त्वज्ञानाच्या सिलॅबसपर्यंत पोचले.

खरं तर हे दोन विषय मुळात वेगळे नव्हतेच. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोला नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राची वेगळी परीक्षा सुरू झाली ती १९०३ मध्ये, आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने भांडून भांडून ती करून घेतली, तोवर ते नीतिशास्त्राच्याच छत्राखाली होतं. आणि ऑक्सफर्डने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असा एकत्र कोर्स १९२० पासून चालू ठेवलाय. आपल्याकडे साध्या विद्यापीठात बीएनंतर मात्र एकच विषय निवडायचा असतो. माझ्या बाबांचा आग्रह अर्थशास्त्राचा होता, मलाही ते सोडायचं नव्हतं. बाबासाहेबांचं उदाहरण मात्र घरी कामाला आलं. कोलंबिया विद्यापीठात ते सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकत होते आणि जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गांनाही बसत होते, पुढे लंडनला एलएसईचा (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा) अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरी एकाच काळात. हे ऐकल्यावर आजोबा म्हणाले, ‘त्यांच्याशी बरोबरी नको, पण दोन फॉर्म भरायला काय हरकत आहे.’

तर नियम. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार एका वेळी दोन कोर्स करता येतात. तीन प्रकार आहेत: दोन्ही कॉलेजात जाऊन (तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत), एक कॉलेजात आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, नाहीतर दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. पीएचडीला हे लागू नाही. दूरस्थ कोर्स घेणार असाल तर ते विद्यापीठ आणि त्यातला तो नेमका कोर्स, दोन्हीला यूजीसीची मान्यता आहे का हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर बघायचं. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं म्हणजे त्याचा प्रत्येक कोर्स मान्य असतोच असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मी दुसरा प्रकार निवडला. अर्थशास्त्र कॉलेजात रेग्युलर आणि तत्त्वज्ञान एका मुक्त विद्यापीठातून. असंच का आणि उलट का नाही, तर अर्थशास्त्रात गणित आहे, आणि गणित अडलं की समोर माणूस लागतो. तत्त्वज्ञान मी वाचून रेटू शकेन असा माझा अंदाज होता, तो निम्माच बरोबर निघाला, पण ते पुढे येईल.

जून २०२३ मध्ये कॉलेजचा फॉर्म भरला. त्या वर्षी आमच्याकडे एमएला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं, आमची पहिलीच बॅच, त्यामुळे ऑफिसमध्ये कोणालाच कशाचंच नक्की माहीत नव्हतं. दर सेमिस्टरला २२ क्रेडिट, दोन वर्षांचे ८८, त्यात संशोधन पद्धतीचा पेपर सक्तीचा, दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण), नंतर रिसर्च प्रोजेक्ट. कॉलेज अनुदानित, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळं धरून नऊ हजारांच्या आत भागलं. मेरिट लिस्ट जुलैच्या शेवटी लागली आणि तास सुरू व्हायला ऑगस्टचा मध्य उजाडला.

मधल्या काळात मुक्त विद्यापीठाचा ऑनलाइन फॉर्म भरला. फोटो, सही, बीएच्या मार्कशीट, सगळं स्कॅन करून चढवायचं, फाइलचा साइज ठरलेला असतो आणि तो दर वेळी दहा-वीस केबीने जास्तच भरतो. फी वर्षाला सात हजारांच्या आसपास. इथे टीसी किंवा मायग्रेशनची (विद्यापीठ बदलताना लागणाऱ्या दाखल्याची) ओरिजिनल प्रत मागितली नाही, ही सगळ्यात मोठी सुटका, कारण दोन्हीकडे ओरिजिनल मागितली असती तर काय केलं असतं मला कल्पना नाही. तुम्ही जिथे अर्ज करताय तिथे फी भरायच्या आधी हे विचारून घ्या. बीए आणि रेग्युलर एमए एकाच विद्यापीठात असेल तर मायग्रेशनचा प्रश्न तिथे येतच नाही, म्हणजे ते दुसऱ्या ठिकाणासाठी मोकळं राहतं.

एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होणारं सरकारी खातं, त्याचा नंबर) आधीच काढून ठेवा. डिजिलॉकरमधून निघतो, बारा आकडी असतो, आणि तुमचे दोन्हीकडचे क्रेडिट त्या एकाच खात्यात जमा होतात, दोन विद्यापीठं म्हणून दोन आयडी काढायचे नाहीत. अडचण येते ती नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. आधारवर आपलं नाव आधी. माझ्या आधारवर तर वडिलांच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर होतं. ते अपडेट करून घेतलं, पन्नास रुपये आणि दोन आठवडे, पण त्यानंतर एकदाही नाव जुळत नाही असा मेसेज आला नाही. २०२४ पासून दूरस्थ कोर्सच्या नवीन प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नंबर) पण लागतो, तो एबीसी आयडीवरूनच तयार होतो, त्यामुळे आता जे जाणार आहेत त्यांनी या क्रमाने जावं: आधी आधार, मग एबीसी, मग डीईबी, मग फॉर्म.

कॉलेजच्या ऑफिसात मात्र गाडी अडली. मी स्वतःहून सांगितलं की मी दुसरीकडेही प्रवेश घेतलाय, तर मॅडम म्हणाल्या, ‘अगं असं चालत नाही, एक रद्द करावं लागेल तुला.’ मी यूजीसीचं पत्र मोबाईलवर दाखवलं, त्यांनी ते वाचलंही, पण म्हणाल्या की आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक आण. त्यांचंही चुकत नव्हतं, कारण यूजीसीनेच प्रत्येक विद्यापीठाने आपापली पद्धत ठरवावी असं म्हटलंय आणि ती तोवर कागदावर खालपर्यंत आली नव्हती. शेवटी विभागप्रमुखांनी मार्ग काढला. मी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र दिलं, की माझा दुसरा कोर्स दूरस्थ आहे, तासांच्या वेळा आड येणार नाहीत, ७५ टक्के हजेरीची जबाबदारी माझी, सोबत यूजीसीच्या पत्राची प्रिंट आणि दुसऱ्या प्रवेशाची पावती. त्यावर विभागप्रमुखांची सही आणि आवक क्रमांक. हा आवक क्रमांक फार महत्त्वाचा, दुसऱ्या वर्षी टेबलावर नवीन माणूस आला आणि तोच प्रश्न परत आला तेव्हा पोचपावतीची झेरॉक्स पुढे केली, विषय संपला. काही जण सल्ला देतात की सांगूच नका. मला ते पटत नाही, पुढे डिग्री पडताळणीला दोन मार्कशीटवर एकच वर्ष दिसणारच आहे.

शिष्यवृत्तीचा फॉर्म मी फक्त रेग्युलर कोर्सवर भरला.

आता अभ्यास. पहिलं सेमिस्टर कसं गेलं हे खरं सांगायचं तर थकव्यात गेलं. सकाळी साडेसात ते अकरा कॉलेज, दुपारी एका क्लासमध्ये नववी-दहावीला शिकवायचे, रात्री वाचन. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं पोस्टाने यायची होती, ती आली नोव्हेंबरमध्ये. तोवर पीडीएफवर काढलं. रविवारी अभ्यासकेंद्रावर समुपदेशनाचे तास असतात, तिथे तत्त्वज्ञानाला आम्ही जेमतेम चार-पाच जण. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक वकील, एक कीर्तन करणारे काका. वर्गात माझ्या वयाचं कोणीच नाही आणि प्रत्येकजण स्वतःच्या प्रश्नासाठी आलेला. त्या तासांना हजेरी सक्तीची नसते म्हणून लोक जात नाहीत, पण माझा तत्त्वज्ञान वाचून रेटण्याचा अंदाज इथेच बदलला. कांट हा जर्मन तत्त्वज्ञ एकटीने वाचताना पानच्या पानं सरकत होती आणि डोक्यात काही राहत नव्हतं. वकील साहेबांनी एकदा माझ्याशी वाद घातला आणि मला माझंच म्हणणं तीन वेळा बदलावं लागलं, तेव्हा कुठे ते प्रकरण समजलं. तुमच्या केंद्रावर तास होत नसतील तर बोलायला एक माणूस शोधा, विषय येत नसला तरी चालेल, फक्त ‘म्हणजे काय’ असं विचारणारा हवा.

सगळ्यात अवघड काय गेलं असं विचाराल तर मी गणित नाही म्हणणार आणि कांटही नाही म्हणणार. अवघड होतं ते एकाच गोष्टीवर दोन वेगळ्या पद्धतीने उत्तर लिहिणं. एक उदाहरण देते, जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचं.

समजा समाजात तीन गट आहेत आणि दोन व्यवस्था आहेत. पहिलीत त्यांना १०, ५० आणि ९० मिळतात. दुसरीत २०, ३० आणि ४०. बेरीज बघितली तर पहिली १५०, दुसरी ९०. उपयोगितावादी पहिली निवडेल. रॉल्स म्हणतो सगळ्यात खालच्या माणसाकडे बघा, पहिलीत त्याला १०, दुसरीत २०, म्हणून दुसरी. अर्थशास्त्राच्या पेपरात हे एका ओळीत होतं. सामाजिक कल्याण फलन म्हणजे सगळ्यांच्या उपयोगितांमधली किमान उपयोगिता, खाली एल आकाराचे वक्र काढा, उपयोगितावादी सरळ रेषेशी तुलना करा, दहा मार्क. तेच मी तत्त्वज्ञानाच्या असाइनमेंटमध्ये जवळपास तसंच लिहिलं, तर परत आलेल्या कागदावर लाल पेनने शेरा होता: ‘हे रॉल्स म्हणतात का?’

मग मूळ मांडणी वाचायला घेतली. १९७१ मध्ये रॉल्सने जे मांडलं त्यात कोणाला किती मिळालं हे उपयोगितेत मोजणं तो मुद्दाम टाळतो. तो बोलतो ते प्राथमिक वस्तूंबद्दल, म्हणजे उत्पन्न, संपत्ती, संधी, स्वाभिमानाचा आधार, अशा गोष्टी ज्या कुठलंही आयुष्य जगायचं असेल तरी लागतात. आणि सगळ्यात खालच्याकडे बघायचा हा नियम, त्याला भेद-तत्त्व म्हणतात, तो येतो मूलभूत स्वातंत्र्य आणि समान संधी यांच्या नंतर. म्हणजे खालच्याला २० मिळावेत म्हणून कोणाचं मतस्वातंत्र्य काढून घेता येत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या किमानाच्या सूत्रात यातलं काहीही नाही. उलट बाजूही आहे, हार्सानी या अर्थशास्त्रज्ञाने प्रश्न विचारला की अज्ञानाच्या पडद्यामागे बसलेला माणूस, म्हणजे ज्याला आपण समाजात कोण असू हेच माहीत नाही तो, एवढा घाबरट का असावा, फक्त सगळ्यात वाईट शक्यतेकडेच का बघेल, सरासरी का नाही बघणार. तत्त्वज्ञानाच्या नोट्समध्ये हा आक्षेप दोन ओळींत होता आणि तो नीट कळायला मला अपेक्षित उपयोगितेचं गणित उपयोगी पडलं.

यानंतर मी पुढच्या असाइनमेंटमध्ये सगळं विस्ताराने लिहिलं, मूल्यमापन चांगलं झालं, आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या इंटर्नलमध्ये ती सवय सुटली नाही, तिथेही विस्तारानेच लिहिलं. मॅडमनी पेपर देताना सांगितलं, ‘छान लिहितेस ग, पण आकृती कुठेय? निबंध नको मला.’ दोघंही बरोबर होते. मी शेवटी दोन वेगळ्या वह्या केल्या. एकीत प्रत्येक मुद्द्याला गृहीतक, आकृती, निष्कर्ष. दुसरीत कोण म्हणतंय, का म्हणतंय, त्यावर सगळ्यात कडक आक्षेप कोणता, त्याला उत्तर काय. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त त्या त्या विषयाची वही उघडायची, दुसरी कपाटात. ऐकायला बावळटपणा वाटेल पण याने खूप फरक पडला.

अ‍ॅरोचं अशक्यतेचं प्रमेय तसंच. लोकांचे वेगवेगळे पसंतीक्रम जोडून समाजाचा एक पसंतीक्रम काढायचा तर काही साध्या, वाजवी वाटणाऱ्या अटी सगळ्या एकदम पाळता येत नाहीत, असं ते सांगतं. कॉलेजात आम्ही त्याची सिद्धता केली, फळ्यावर दोन तास. तत्त्वज्ञानात सिद्धता कोणी विचारत नाही, तिथे विचारतात की त्या ज्या अटी आहेत त्यातली कुठली सोडून द्यायला तुम्ही तयार आहात आणि का. मला हा दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो. अमर्त्य सेन यांचा १९७० चा छोटासा लेख मी या दोन्ही वह्यांत लिहिलाय, फार थोड्या गोष्टी आहेत ज्या तशा दोन्हीकडे गेल्या. व्यक्तीला स्वतःच्या खाजगी बाबतीत थोडंसं स्वातंत्र्य आणि पॅरेटोचं तत्त्व, ही दोन्ही लोकांच्या कुठल्याही पसंतीक्रमांना चालतील अशी एकत्र नांदत नाहीत, एवढं ते सांगतात. पाच-सहा पानांचा मजकूर, कोणीही वाचावा.

वाचायला कुठे मिळेल: स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन ज्ञानकोश फुकट आहे आणि तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही प्रश्नाला मी आधी तिथे जाते. जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर नुसतं खातं उघडलं तरी महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. यूजीसीच्या ई-पीजी पाठशालेवर दोन्ही विषयांची मॉड्यूल आहेत, दर्जा कमी-जास्त. मराठीत संज्ञा अडली तर मराठी विश्वकोशातल्या नोंदी बघा, भारतीय दर्शनांवरच्या नोंदी तर फारच नेमक्या आहेत.

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा डिसेंबरऐवजी जानेवारी २०२४ मध्ये झाली. तिथून सगळं पुढे सरकलं आणि व्हायचं तेच झालं, दुसऱ्या सेमिस्टरचं वेळापत्रक मे सोडून जूनमध्ये आलं आणि मुक्त विद्यापीठाच्या जूनच्या सत्रांत परीक्षेवर जाऊन आदळलं. एका दिवशी सकाळी इथे, दुपारी तिथे, ते मी दिलं, रिक्षात पोळीभाजी खात. पण एक पेपर एकाच दिवशी एकाच वेळी होता. रेग्युलरला गैरहजर म्हणजे एटीकेटी. मुक्त विद्यापीठात मात्र पेपर दिला नाही तर नुसता राहतो, जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोन सत्रं असतात, पुढच्यात द्यायचा. पेपरमागे परीक्षा फी २०० रुपये, ती परत भरावी लागली, बस. म्हणून दोन्ही करणार असाल तर निदान एक कोर्स असा घ्या ज्यात पेपर पुढे ढकलायची सोय आहे. दोन्ही रेग्युलर करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे पण त्यांनी परीक्षेचं काय केलं असेल देव जाणे.

असाइनमेंटच्या तारखा मात्र पाळा. तिथे ३० टक्के मार्क असाइनमेंटचे आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेचे, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. हाताने लिहून द्यायच्या होत्या. जमा केल्यावर पावती घ्या, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, माझ्या एका विषयाचे असाइनमेंटचे मार्क कित्येक महिने ऑनलाइन चढलेच नव्हते आणि पावतीच्या फोटोवर ते काम झालं.

ओजेटी म्हणजे १२० तास कुठेतरी काम करायचं. मी ते एका पतसंस्थेत केलं, जुलैमध्ये. यावर फार लिहिण्यासारखं नाही, फाइलिंग केलं, कर्जवसुलीचे तक्ते भरले, सर्टिफिकेट मिळालं.

दुसऱ्या वर्षी गोष्टी जुळायला लागल्या. तिसऱ्या सेमिस्टरला अर्थमिती, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स, आकडेवारीवरून संबंध मोजायचं शास्त्र, आणि त्याच वेळी इकडे न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारं भारतीय दर्शन. न्यायात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे, पर्वतावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे. हे उलटं करून चालत नाही, अग्नी आहे म्हणून धूर आहे असं म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओलं लाकूड असलं तरच. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. अग्नी आणि धूर यांचा जो संबंध आपल्याला दिसत होता तो खरं तर या लपलेल्या तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून होता. मी हे रविवारी वाचलं आणि मंगळवारी कॉलेजात वगळलेल्या चलाचा दोष, म्हणजे समीकरणात एखादा घटक न घेतल्याने येणारी चूक, शिकवला. जास्त वर्षं शिकलेल्यांना जास्त पगार मिळतो, पण घरची परिस्थिती समीकरणात घेतलीच नाही तर शिक्षणाचा परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मी वर्गात उगाचच हसले. दोन्ही तंतोतंत एक नाहीत. नैयायिकांना अपवाद नसलेला नियम हवा असतो, एक लोखंडाचा गोळा दाखवला की व्याप्ती, म्हणजे तो कायमचा संबंध, गेली, आणि अर्थमितीला अपवादांचं काही वाटत नाही, तिला सरासरीत चूक किती आली याची काळजी असते. पण ‘मधे तिसरं काही आहे का’ हे विचारायची सवय एकच. तोवर मला वाटायचं की भारतीय दर्शनांचे पेपर पास होण्यापुरते करायचे, तिथून मी ते मन लावून वाचले.

रिसर्च प्रोजेक्टसाठी मी रोजगार हमी घेतली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, देशपातळीवरचा २००५ चा, म्हणजे विषय आपल्या घरचा. अर्थशास्त्रात या योजनेचं कौतुक एका कारणासाठी होतं: मजुरी कमी आणि काम अंगमेहनतीचं, त्यामुळे ज्याला खरंच गरज आहे तोच येतो, गरीब कोण हे सरकारला शोधत बसावं लागत नाही. मी एका पाझर तलावाच्या कामावर गेले होते. दिवसाची मजुरी तेव्हा २९७ रुपये. एक बाई, पन्नाशीच्या पुढच्या, पाटी खाली ठेवून मला म्हणाल्या, ‘पोरी, गरीब हाये ह्ये दाखवाया रोज उन्हात उभं ऱ्हायाचं का आम्ही?’ मी कुठलाही सिद्धांत त्यांना सांगितला नव्हता. जे माझ्या पुस्तकात योजनेची हुशारी म्हणून लिहिलं होतं तेच त्यांनी तिची किंमत म्हणून मांडलं. प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण मी यावरच लिहिलं, गरज सिद्ध करायला लावणारी मदत आणि माणसाची प्रतिष्ठा. मार्गदर्शक सर आधी नाखूश होते, हे अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही म्हणाले. मी तक्ते आणि समीकरणं सगळी आधीच्या प्रकरणांत पूर्ण करून दिली आणि ते प्रकरण ठेवू द्या अशी विनंती केली. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी सगळा वेळ त्यावरच प्रश्न विचारले. मार्क किती पडले ते जाऊ दे, त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा मला दोन वह्यांपैकी कुठली उघडायची हा विचार करावा लागला नाही.

खर्चाचा हिशोब, कारण हा प्रश्न येतोच. कॉलेजची दोन वर्षं साधारण सतरा हजार, मुक्त विद्यापीठाची चौदा, परीक्षा फी आणि परत भरलेली फी मिळून दोन-अडीच हजार, झेरॉक्स, प्रिंट, बाइंडिंग, प्रवास धरून आणखी सहा-सात. म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास दोन एमए. पैसा हा मुख्य अडथळा नाही, वेळ आहे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मी क्लासमधलं शिकवणं सोडलं, तेव्हा कमाई गेली, ती पण खर्चात धरायला हवी. अर्थशास्त्रवाले तिला संधी खर्च म्हणतील. आणि त्या महिन्यात मी सोडून द्यायच्या विचारातही होते, रात्री झोप लागत नव्हती, आई म्हणाली, एक पेपर डिसेंबरला टाक की, कोण मागे लागलंय. मी दोन टाकायचे ठरवले. नुसतं ठरवल्यावरच इतकं हलकं वाटलं की शेवटी जूनमध्येच सगळे देऊन टाकले.

चौथं सेमिस्टर मे २०२५, मुक्त विद्यापीठाची परीक्षा जूनमध्ये. कॉलेजचा निकाल जुलैत, दुसरा ऑगस्टमध्ये. पदवी प्रमाणपत्रं यायची आहेत, तोवर दोन्हीकडून प्रोव्हिजनल काढून घेतलीत. हे अर्ज निकाल लागल्याच्या आठवड्यातच करा, नंतर गर्दी होते.

आता नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा. तिचा फॉर्म भरताना एका सत्राला एकच विषय निवडता येतो, अर्थशास्त्राचा कोड ०१, तत्त्वज्ञानाचा ०३. पात्रतेला त्या विषयातल्या एमएला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के, ओबीसी नॉन-क्रीमीलेअर, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५० टक्के लागतात, आणि दूरस्थ एमए मान्यताप्राप्त असेल तर ते चालतं. माझे अर्थशास्त्राचे टक्के जास्त आहेत आणि घरच्यांचं म्हणणं ०१ भर. मी ०३ भरणार आहे. त्यात तर्कशास्त्र आहे, भारतीय दर्शनं आहेत, आणि पेपर एक तर दोन्हीला सारखाच असतो. जूनच्या सत्राला ०१ भरता येईलच.